खोटी पट्टी

आमच्या कारखान्यात दोन पट्ट्या होत्या, एक खरी आणि एक खोटी. खरी पोलादी, फूटभर, कुठल्याही दुकानात मिळते तशी. खोटी सागवानी, साचे करणाऱ्या मामांनी (सगळा कारखाना त्यांना मामाच म्हणे) स्वतः करवतीनं खाचा पाडून केलेली. साचेखात्याच्या भिंतीवर दोन्ही शेजारी शेजारी खिळ्यांना टांगलेल्या असत. नवा माणूस आला की त्याला पहिल्या दिवशी सांगितलं जाई, इथं खोट्या पट्टीनं मोजायचं. मलाही तेच सांगितलं. मला वाटलं, नवीन मुलगी बघून चेष्टा चालली आहे, आणि मी तोंड फुगवून बसले.

चेष्टा नव्हती. आम्ही सिरॅमिकचे भाग बनवायचो. हे सांगितलं की आमच्या नातेवाइकांच्या डोळ्यांपुढं कपबशा आणि संडासाची भांडी येत. एका आत्यानं तर लग्नात देण्यासाठी एक डझन मग स्वस्तात मिळतील का, असं विचारलं होतं. आमचा माल कारखान्यांत लागायचा. पंपाच्या आत बसणारी कडी, सूत कातायच्या यंत्रात धागा ज्यातून सरकतो ते बारीक डोळे, तापमापकावर घालायच्या नळ्या. पांढरी शुभ्र भुकटी भिजवून साच्यात ओतायची, वाळवायची आणि भट्टीत घालायची. भट्टीत तुकडा आटतो. बारा सेंटीमीटरचा आत गेलेला दहाचा होऊन बाहेर येतो. म्हणजे दहाचा हवा असेल तर साचा बाराचा करायला हवा. हे गणित दर वेळी कोण घालणार, म्हणून मामांनी पट्टीच लबाड करून ठेवली होती. तिच्यावर दहा खाचा मोजल्या की खरे बारा सेंटीमीटर भरत. कागदावर दहा लिहिलेले असोत, मामा खोटे दहा मोजत आणि साचा आपसूक मोठा होई.

त्यामुळे आमची भाषाही भट्टीतली झाली होती. नोकरीत कायम झालेला माणूस पक्का, बाकीचे कच्चे. कुणी बारीक झालं की आटलं. बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मी घरून खीर घेऊन गेले, तेव्हा डब्याचं झाकण उघडायच्या आत तिघांनी विचारलं, "किती टक्के आटवली?" मामांनी एक चमचा तोंडात घोळवला आणि म्हणाले, "ईस टक्के. अजून चालली असती." आईला हे सांगितलं तर तिला राग आला. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा ती माणसं आपली वाटली.

ही नव्वदीच्या शेवटच्या वर्षांतली गोष्ट. पुण्यात गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते. आमच्या बिबवेवाडीत तर पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर एक होता, तिथल्या मुलांच्या शर्टावर पीठ असे. मी आयटीआयमध्ये नकाशे काढायला शिकले होते आणि वर कॉम्प्युटरवर नकाशे काढायचा कोर्स केला होता. अख्खं घर सॉफ्टवेअरच्या कंपन्यांकडं डोळे लावून बसलेलं असताना मला नोकरी लागली ती शहराबाहेर मांजरी गावच्या उसात, पत्र्याच्या शेडमध्ये. मोपेडवरून जाताना दोन्ही बाजूंना ऊस आणि मधेच एखाद्या नव्या इमारतीचा सांगाडा. सहा महिने कच्ची, काम पसंत पडलं तर पक्की.

माझ्याविषयी एक सांगायला हवं, कारण पुढं त्याचंच सगळं आहे. माझं अक्षर चांगलं आहे. वडील सरकारी कचेरीत कारकून. त्यांनी आम्हा भावंडांना रोज एक पान शुद्धलेखन घातलं, अगदी दहावीच्या परीक्षेच्या दिवशीसुद्धा. लिहिलेलं वाचता आलं पाहिजे आणि लिहायचं ते विसरता कामा नये, हे आमच्या घरचं सोवळं. मी रागीट आहे, आळशीही आहे, पण मी काही लिहायला विसरले असं मला आजवर कुणी म्हणालेलं नव्हतं.

मामा मूळचे मांजरीचेच. जमीन भावाभावांत वाटली गेली आणि मग विकली गेली, तेव्हापासून हे साचे करत. मुली लग्न होऊन गेल्या होत्या, मामी वारल्या होत्या. सकाळी कारखान्याचं कुलूप उघडायच्या आधी ते दारात उभे असत. प्लास्टरचा गोळा लेथवर फिरवत त्यातून कडं काढावं ते त्यांनीच. त्यांची एक ऐट होती. नकाशा हातात घ्यायचे, बाजूला ठेवायचे आणि म्हणायचे, "तोंडानं सांग आकडे. कागद वाचत बसनाऱ्याला काम येत न्हाई." आपण सांगायचं, एकदाच. पंधरा आकडे सांगितले तरी पंधरा लक्षात राहत. मग दोन पाय फाकवून अंतर धरणारा मोठा कॅलिपर घ्यायचे, त्याचं एक टोक खोट्या पट्टीच्या काठाला लावायचे, अंगठ्याच्या नखानं खाचा मोजत दुसरं टोक सरकवायचे. त्या वेळी ते पट्टीकडं बघतही नसत. खिडकीबाहेर उसाकडं बघत. मी मनात म्हणायची, काय रुबाब आहे!

आमचे साहेब शनिवार पेठेत राहणारे. आधी एका सरकारी प्रयोगशाळेत संशोधन करत होते, ते सोडून त्यांनी हा कारखाना काढला. परदेशी माल येत नव्हता तोवर बरं चाललं होतं. मग आयातीची दारं उघडली आणि आम्ही बनवायचो ती कडी बाहेरून खोक्यांनी येऊ लागली. एक दिवस चहाच्या वेळी साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं. एका पंपवाल्या कंपनीनं पाच कडी नमुन्याला मागितली आहेत. पसंत पडली तर वर्षभराचं काम. आणि मग मामांकडं वळून, "मामा, भोसरीत एक यंत्र आलंय. कॉम्प्युटरवरनं साचा कोरून देतं. ही कडी बसली तर तुमचं खातं चालू. नाही बसली तर साचे भोसरीहून आणू. आपण घरी आराम करा."

मामा हसले. नंतर साचेखात्यात मला म्हणाले, "घरी कुनाशी बोलू? भिताडाशी?"

साहेबांनी त्याच दिवशी मला बजावलं होतं, की यापुढं नकाशातच माप वाढवून काढायचं, म्हणजे उद्या तो भोसरीला तसाच पाठवता येईल. मामांना कळेल असं कागदावर लिहा, म्हणाले. मी लिहिलं. नकाशाच्या वरच्या कोपऱ्यात, लाल शाईनं, माझ्या अक्षरात: "आकडे वाढवलेले आहेत. खरी पट्टी वापरावी." खाली रेघ मारली. कागद मामांच्या हातात दिला, नेहमीसारखे तोंडानं आकडे सांगितले, व्यास बारा, आणि निघून आले. ते लाल अक्षरातलं तोंडानं सांगितलं नाही. लिहिलेलं पुन्हा काय सांगायचं? आमच्या घरी ती पद्धत नव्हती.

तीन आठवड्यांनी सकाळी भट्टी उघडली. पाचही कडी दुधासारखी पांढरी, एकालाही तडा नाही. टिचकी मारली की खणखणीत आवाज. अकराच्या सुमारास पंपकंपनीचे गृहस्थ आले, सदाशिवपेठी चेहऱ्याचे, हातात पितळेची गोल बैठक घेऊन. कडं त्या बैठकीच्या आत बसायला हवं होतं. त्यांनी कडं उचललं, बैठकीवर धरलं, आणि ते बैठकीच्या बाहेरून, हातातली बांगडी मनगटावरून जावी तसं खाली गेलं.

त्यांनी ते बैठकीभोवती एकदा गोल फिरवलं.

"अहो," ते साहेबांना म्हणाले, "कडं पंपात बसवायचंय की पंप कड्यात? आम्ही आपलं पहिलं धरून चाललो होतो."

मी माप घेतलं. दहाच्या जागी बारा. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी दहाचे बारा केले होते, मामांनी खोट्या पट्टीनं त्या बाराचे चौदाच्या वर नेले होते, आणि कच्चा माल मोठाच असतो म्हणून कुणाला खटकलं नव्हतं. दोघांनीही आपापलं काम चोख केलं होतं. आमच्या धंद्याबाहेर कुणाला अशी चूक करताही यायची नाही.

आणि मग मला संताप आला. मी लिहिलं होतं! पाहुणे चहा पीत होते तेवढ्यात मी फाइलमधून तो नकाशा ओढला आणि तरातरा साचेखात्यात गेले. कागद त्यांच्या तोंडासमोर धरून काय काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं.

मामा स्टुलावर बसले होते. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "कशानं झालं गं? म्या तर बाराच मोजले. तूच बारा म्हनलीस."

मी भिंतीवरची पोलादी पट्टी काढून त्यांच्या हातात दिली. "हिच्यावर बारा लावून दाखवा."

त्यांनी कॅलिपर घेतला. एक टोक पट्टीच्या काठाला लावलं. मग नख सरकवू लागले, सरकवतच राहिले, मान खाली घालून, डोळे बारीक करून. पट्टी उलटी होती. त्यांच्याकडं वरच्या बाजूला नुसतं गुळगुळीत पोलाद होतं, त्यावर एकही रेघ नव्हती. ते त्या कोऱ्या बाजूवर बारा शोधत होते.

आकडे तोंडानं सांग, खिडकीबाहेर बघणं, नखानं खाचा मोजणं, ती सगळी ऐट क्षणात उलगडली आणि मला माझीच लाज वाटली. सहा महिने शेजारी काम करत होते आणि मला एवढंही दिसलं नव्हतं.

"मामा, किती दिवसांपासून?"

ते पट्टी मांडीवर ठेवून म्हणाले, "दोन दिवाळ्या झाल्या. धुकं पडल्यावानी दिसतंया. मोठं मोठं दिसतंय. सायबाला सांगू नगंस पोरी. त्याला कारनच पायजे हाय." मग जरा फणकाऱ्यानंच, "पन हे कडं माझ्या डोळ्यानं न्हाई बिघडलं. आकडे वाढवून आनलेस तर सांगायचं न्हाई व्हय? तोंडानं न्हाई तर न्हाई, कागदावर तरी लिवायचं!"

तो कागद माझ्या हातात होता, त्यांच्यापासून दीड हातावर. लाल अक्षरं त्यांच्याकडं तोंड करून होती. आयुष्यात मला इतकं खरं बोलावंसं कधीच वाटलं नव्हतं. मी कागदाची घडी घातली. आणखी एक घातली. आणि तो पर्समध्ये टाकला.

"चुकलंच मामा," मी म्हटलं. "लिहायला विसरले."

साहेबांच्या खोलीतही तेच सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "विसरलात. छान. मी साचेखातं बंद करायच्या विचारात होतो, पण आता वाटतं आधी लेखणीखातं बंद करावं." पाहुणे मान हलवत होते. ते तसे भले निघाले. माल चांगला भाजलाय म्हणाले, एक महिना आणखी देतो. साहेबांनी माझ्याकडं बघून निकाल दिला, "मामांचा दोष नाही. ते साचेखातं चालू ठेवतील. आपण मात्र आणखी सहा महिने कच्च्याच राहा."

घरी मी वडिलांना एवढंच सांगितलं, की मुदत वाढली. त्यांनी कारण विचारलं. लिहायला विसरले, असं मी त्यांनाही सांगितलं, कारण एकदा खोटं धरलं की सगळीकडं तेच न्यावं लागतं. त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि माझ्याकडं जे बघितलं ते मला आजही नको वाटतं. त्या रात्रीच्या जेवणात मीठ कमी होतं का जास्त, मला कळलं नाही.

दुसरी कडी आम्ही दोघांनी मिळून केली. पोलादी पट्टीवर कॅलिपर मी लावून द्यायची, लेथ मामा चालवायचे. कुणी आत आलं की मी उगाच काहीतरी विचारायला आल्यासारखं करायची. ती बसली. टक्कन. वर्षभराचं काम मिळालं आणि मामा भिंतीशी बोलायचे वाचले.

पण मी एक अट घातली होती. दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना मोपेडवर मागं बसवून शहरात डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. मोतीबिंदू होता, चांगला पिकलेला. मामा वाटेत प्रत्येक खड्ड्याला मला शिव्या देत होते. आधी एक डोळा, काही महिन्यांनी दुसरा. दोन्ही वेळच्या रजेला साहेबांना सांगितलं, गावची जत्रा आहे. साहेब म्हणाले, "मांजरीला वर्षात दोनदा जत्रा भरते हे मला नवीन आहे." त्यांना सगळं कळलं असावं असं मला आता वाटतं. पण ते पेठेतले, कळलं तरी कळलं असं म्हणणार नाहीत.

नव्या डोळ्यांनी मामांना एक खोड लागली. दिसेल ते मोठ्यानं वाचायचं. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या पाठी, भेळेचा कागद चाटूनपुसून आधी वाचायचा आणि मग चुरगळायचा. "हितं बघ, वधू पायजे हाय," असं ऐन कामात ओरडायचे. माझे नकाशेही वाचायचे, कोपऱ्यातल्या तारखेपासून.

दुसरी खोड मला छळायची. "लिवलंस का?" मी काहीही केलं की हेच. डबा आणला, लिवलंस का? रजेचा अर्ज दिला, लिवलंस का, का विसरलीस? माझ्या लग्नाची पत्रिका त्यांच्या हातात दिली तेव्हा ती पूर्ण वाचून झाल्यावर नवऱ्यामुलाला म्हणाले, "जावईबापू, तारीख लिवलीया. ह्या पोरीचं नशीब." सगळे हसले. मीही हसले. पण खोटं कशाला सांगू, दर वेळी एक बारीक काटा टोचायचा. ज्या एका गोष्टीचा मला अभिमान होता तिच्यावरूनच सगळा कारखाना मला ओळखत होता. नव्या मुलांना खोट्या पट्टीची गोष्ट सांगताना माझी चूकही सांगितली जायची, अगदी माझ्यासमोर. कितीदा तरी वाटलं, तो कागद काढावा आणि टेबलावर आपटावा. तो कारखान्यातल्या माझ्या टेबलाच्या खणात सगळ्यात तळाशी होता. फेकला नव्हता. का ठेवला होता? मला वाटतं, मी लिहिलं होतं हे निदान माझं मला कधीतरी बघता यावं म्हणून.

वर्षं गेली. मी पक्की झाले, मामा निवृत्त झाले. मांजरीतला ऊस मागं मागं सरकला आणि त्या जागी गळ्यात ओळखपत्रं घातलेल्या मुलामुलींच्या सोसायट्या आल्या. त्यांच्या खिडक्यांतून आमची शेड दिसायची आणि आमच्या भट्टीच्या धुराबद्दल तक्रारी यायच्या. आमची भट्टी विजेची होती. मामा रोज दुपारी चहाला येत, दारातल्या बाकावर बसून पेपर मोठ्यानं वाचत.

शेवटी साहेबांच्या मुलीनं कारखाना शहराबाहेर नव्या जागेत न्यायचं ठरवलं. सामान आवरायला मामा आपणहून आले. जुने साचे कुठले ठेवायचे आणि कुठले फोडायचे हे त्यांनाच माहीत होतं. दोन दिवस शेडमध्ये प्लास्टरची धूळ होती. खोटी पट्टी त्यांनी खिळ्यावरून काढली, फुंकर मारली आणि माझ्या खोक्यात टाकली, काही न बोलता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पलीकडं कॉम्प्युटर बांधत होते. मामा माझ्या टेबलाचे खण रिकामे करत होते आणि अर्थातच प्रत्येक कागद वाचत होते. "भविष्य निर्वाह निधी. ठेव. हळदीकुंकवाचं आमंत्रन. टाक." मी ऐकत होते आणि ऐकतही नव्हते. खालचा खण कुरकुरत उघडला.

"पंपाचं कडं," मामांनी वाचलं. "व्यास बारा." कागद पुरता उलगडल्याचा आवाज आला. "आकडे वाढवलेले हायत. खरी पट्टी..."

आवाज थांबला.

मी वळले. ते खिडकीशी उजेडात कागद धरून उभे होते. त्यांनी ते परत वाचलं, या वेळी मनात. मग तारीख वाचली. मग पुन्हा वरचं लाल.

त्यांनी कागदाची घडी घातली, जुन्याच घड्यांवर, आणि तो स्वतःच्या सदऱ्याच्या खिशात ठेवला. माझ्याकडं बघितलं नाही. पुढचा कागद हातात घेतला, तो न वाचताच ठेवला.

"अक्षर ठळक हाय गं तुझं," ते म्हणाले.